अंडाशयाची गांठ : सौम्य कीं घातक ?

नागपुरांतील रामदासपेठ ही वस्ती आज तेथील रुग्णालयांमुळें आणि तपासणी-केंद्रांमुळें साऱ्या विदर्भाला ठाऊक झाली आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडून, यवतमाळ-चंद्रपुराकडून, इतकेंच नव्हे तर शेजारच्या शिवनी, बालाघाट, छिंदवाडा ह्या जिल्ह्यांतूनहि रुग्ण पहांटेच्या गाडीनें निघून येथें येतात. आणि संध्याकाळीं परत जातांना त्यांतील पुष्कळांच्या हातीं एक मोठा लखोटा असतो. लखोट्यांत काळसर फिल्मा आणि इंग्रजींत छापलेला एक कागद असतो. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशीं असते. मधली रात्र मात्र त्या घराला फार जड जाते. कागदावर ‘ओव्हेरियन मास’ असे दोन शब्द दिसले कीं घरांतील शिकलेला मुलगा त्यांचे अर्थ शोधूं लागतो, सासूबाई देवापुढें बसतात, आणि जिच्या पोटांत ती गांठ आहे ती बाई बहुधा कोणालाच कांहीं विचारीत नाहीं. सर्वांच्या मनांत प्रश्न एकच असतो : ही गांठ साधी आहे कीं कॅन्सरची ?

ह्या प्रश्नाचें उत्तर सी. टी. स्कॅन कोणत्या आधारावर देतो, किती खात्रीनें देतो, आणि कोठें त्याच्या उत्तरावर विसंबूं नये, एवढेंच आज मला श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं ह्या बाबतींत चूक दोन बाजूंनीं होऊं शकते, आणि दोन्हीं चुका महाग पडतात. सौम्य गांठीला घातक समजून घाईनें शस्त्रक्रिया केली, तर एखाद्या तरुण मुलीचीं दोन्हीं अंडाशयें विनाकारण जातात. तिचें मातृत्व जातें, आणि ऐन उमेदींत तिची पाळी कायमची बंद होते. उलट, घातक गांठीला साधी पाण्याची गांठ समजून ती सुईनें टोंचली, किंवा काढतांना पोटांत फुटूं दिली, तर जो रोग अंडाशयाच्या कवचांत बंद होता तो पोटभर सांडण्याची भीति असते. अमेरिकेंतील नोंदीप्रमाणें अंडाशयापुरता मर्यादित असलेला रोग ज्यांच्यांत सांपडला, अशा शंभर स्त्रियांपैकीं नव्वदाहून अधिक पांच वर्षांनंतरहि जिवंत असतात. दूरवर पसरलेल्या रोगांत ही संख्या तिसांच्या आसपास येते. तेव्हां गांठ ओळखणें हा विद्वत्तेचा नव्हे, तर जीवनमरणाचा प्रश्न आहे.

अंडाशय हा शरीरांतील एक विलक्षण अवयव आहे. आकारानें तें मोठ्या बदामाएवढें, लांबीला सुमारें तीन सेंटिमीटर. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या अंडाशयांत दरमहा एक बीजपुटिका पाण्यानें भरून फुगते, दोन-अडीच सेंटिमीटरांची होते, फुटते, आणि त्यांतून स्त्रीबीज बाहेर पडतें. म्हणजे अंडाशयांत पाण्याची लहानशी पिशवी दिसणें हा रोग नव्हे, तो निसर्गाचा नित्यक्रम आहे. एखादे वेळीं ही पिशवी फुटावयाची राहते आणि पांच-सहा सेंटिमीटरांपर्यंत वाढते. अशी गांठ दोन-तीन पाळ्यांनंतर बहुधा आपोआप नाहींशी होते. ‘सिस्ट’ हा शब्द ऐकतांच घाबरणाऱ्या घरांनीं एवढें तरी लक्षांत ठेवावें. मात्र हा दिलासा वयाला बांधलेला आहे. पाळी बंद झाल्यावर अंडाशय सुकून लहान होतें. त्या वयांत तेथें नवी गांठ आढळली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाहीं.

चित्रें नव्हतीं त्या काळीं वैद्याला केवळ हाताचा आधार होता. अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत जेन टॉड क्रॉफर्ड नांवाच्या बाईचें पोट वाढत चाललें, तेव्हां ती गरोदर आहे असेंच सर्वांनीं मानलें. एफ्रेम मॅक्डॉवेल ह्या शस्त्रवैद्यानें हातानें तपासून ही अंडाशयाची गांठ आहे असें ओळखलें, आणि १८०९ च्या डिसेंबरांत, भूल देण्याची विद्या अजून जन्माला यावयाची असतांना, सुमारें दहा किलो वजनाची ती गांठ काढली. बाई वांचली आणि पुढें बत्तीस-तेहतीस वर्षें जगली. परंतु पोट उघडण्यापूर्वीं गांठीच्या आंत काय आहे हें मॅक्डॉवेलला कळणें शक्यच नव्हतें.

१८९५ सालीं राँटजेन यानें क्ष-किरण शोधून काढले. तथापि साध्या क्ष-किरण-चित्रांत पोटांतील सर्व अवयवांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. हाड तेवढें स्पष्ट दिसतें, मऊ अवयव धुक्यांत राहतात. ही अडचण दूर केली ती इंग्लंडांतील गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्या अभियंत्यानें. ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळें आपणांस परिचित असलेल्या ई. एम. आय. कंपनींत तो नोकरीला होता. त्याच्या यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं विंबल्डन येथील रुग्णालयांत एका स्त्रीच्या मेंदूंतील संशयित गांठीचें पहिलें छेदचित्र घेतलें. ॲलन कॉरमॅक यानें ह्याच प्रश्नाचें गणित स्वतंत्रपणें मांडलें होतें. दोघांना मिळून १९७९ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

ह्या यंत्राची कल्पना आपल्या नागपुरी संत्र्यावरून चांगली येते. संत्रें नुसतें बाहेरून चाचपलें तर तें मऊ आहे कीं कडक एवढेंच कळतें. तेंच आडवें कापलें म्हणजे साल, फोडी, फोडींमधले पातळ पडदे, आणि बी असली तर तीहि, सर्व एकदम नजरेस पडतें. सी. टी. यंत्र सुरी न लावतां असे छेद पाडतें. क्ष-किरणांची नळी रुग्णाभोंवतीं फिरते, समोरचे शोधक किती किरण आरपार आले तें मोजतात, आणि शेंकडों दिशांनीं घेतलेल्या ह्या मापांवरून संगणक प्रत्येक बिंदूची घनता काढतो. आरंभींच्या यंत्राला एका छेदाला कांहीं मिनिटें लागत. आतां सारें पोट कांहीं सेकंदांत टिपलें जातें.

ह्या घनतेच्या अंकाला हाउन्सफील्डचेंच नांव आहे. त्याच्या मापनांत पाणी म्हणजे शून्य. हवा उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास. मांसल पेशी अधिक ४० ते ६०. नुकतें सांकळलेलें रक्त ५० ते ७०. हाड आणि दांत यांचा अंक कित्येक शेंकडे असतो. हे अंक एकदां ध्यानांत आले म्हणजे छेदचित्र हें केवळ चित्र राहत नाहीं. तें एक मोजमाप होतें. गांठींतील द्रव ५ अंकाचा आहे कीं ५५, ह्यावरून तें स्वच्छ पाणी आहे कीं रक्त, याचा अंदाज बांधतां येतो.

ह्या मोजमापाचा सर्वांत सुंदर दाखला म्हणजे ‘डर्मॉइड’ नांवाची गांठ. तरुण स्त्रियांत ती पुष्कळ आढळते. बीजपेशी भलत्याच वाटेनें वाढूं लागली म्हणजे गांठींत चरबी, केंस, आणि कधीं कधीं चक्क दांत तयार होतात. पूर्वीं अशा गांठी काढल्यावर लोक भूतबाधेच्या गोष्टी सांगत. आज छेदचित्रांत उणे १०० अंकाची चरबी आणि तिच्या शेजारीं दांताचा पांढरा ठिपका दिसला, कीं निदान जवळजवळ पक्कें होतें. अशी गांठ बहुतेक वेळां सौम्य असते. ती तेवढी सोडवून काढून उरलेलें अंडाशय वांचवितां येतें. पंचविशींतल्या मुलीच्या बाबतींत ह्या एका अंकाची किंमत काय आहे, हें निराळें सांगावयास नको.

परंतु प्रत्येक गांठ इतकी बोलकी नसते. तेथें तज्ज्ञाला लक्षणांची जुळणी करावी लागते. शिरेंतून आयोडीनयुक्त औषध देऊन, सुमारें सत्तर सेकंदांनीं, तें अवयवांत पोहोंचल्यावर छेद घेतात. ज्या भागांत रक्त खेळतें तो भाग ह्या औषधानें उजळतो. नुसतें पाणी किंवा सांकळलेलें रक्त उजळत नाहीं. मग तज्ज्ञ पुढील गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट भिंत आणि पडदे. कवच पातळ, आंत एकच कप्पा, आणि कप्प्यांत स्वच्छ द्रव, हें सौम्य गांठीचें रूप. संत्र्याच्या फोडींप्रमाणें अनेक कप्पे असले तरी त्यांमधले पडदे पातळ व सारखे असतील, तर फारसें भय नाहीं. पडदे तीन मिलिमीटरांहून जाड, ओबडधोबड, कोठें जाड तर कोठें बारीक असे असले, कीं संशय येतो.

दुसरी गोष्ट घन भाग. द्रवाच्या पिशवींत आंतल्या भिंतीवरून फुलकोबीसारखे अंकुर निघाले असतील आणि ते औषधानें उजळत असतील, तर हें घातकतेचें महत्त्वाचें चिन्ह आहे. गांठीच्या नुसत्या आकारापेक्षां हें चिन्ह अधिक बोलतें. वीस सेंटिमीटरांची पाण्याची गांठ सौम्य निघते, आणि पांच सेंटिमीटरांची अंकुरलेली गांठ घातक निघते. म्हणून ‘केवढी आहे?’ ह्यापेक्षां ‘आंत काय आहे ?’ हा प्रश्न आधीं विचारावा.

तिसरी गोष्ट गांठीबाहेरचें पोट. सी. टी. चें खरें सामर्थ्य येथें आहे. पोटांत पाणी सांचलें आहे काय, आतड्यांवर पसरलेला चरबीचा पदर जाड होऊन भाकरीसारखा थापला गेला आहे काय, यकृताच्या पृष्ठावर किंवा पोटाच्या अस्तरावर दाणे आहेत काय, लसिकाग्रंथि फुगल्या आहेत काय, हें सर्व एकाच तपासणींत दिसतें. रोग किती पसरला आहे आणि तो शस्त्रक्रियेनें पूर्ण काढतां येईल कीं आधीं औषधें द्यावीं लागतील, हा निर्णय पुष्कळसा ह्याच चित्रांवर अवलंबून असतो.

चौथी गोष्ट दोन्हीं बाजू. दोन्हीं अंडाशयांत घन गांठी असल्या, तर मूळ रोग दुसरीकडे नाहीं ना, हें पाहावें लागतें. जठराचा कर्करोग अंडाशयांत उतरूं शकतो. अशा गांठींचें वर्णन जर्मनींत क्रुकेनबर्ग यानें १८९६ सालीं केलें, म्हणून त्यांना त्याचें नांव आहे. अशा वेळीं नुसतीं अंडाशयें काढून भागत नाहीं. आधीं जठर पाहिलें पाहिजे.

एवढें ऐकून कोणास वाटेल कीं आतां निदान सोपें झालें. तसें नाहीं, आणि येथेंच सावध राहिलें पाहिजे. पोटांत पाणी, जोडीला घन गांठ, छातींतहि पाणी, असें चित्र पाहून कोणीहि कॅन्सरच म्हणेल. परंतु अंडाशयाच्या तंतुमय सौम्य गांठींतहि क्वचित् असेंच होतें, आणि गांठ काढतांच दोन्हीं ठिकाणचें पाणी आपोआप ओसरतें. अमेरिकेंतील डॉक्टर मीग्स यानें १९३७ सालीं ह्याकडे लक्ष वेधलें.

आपल्या देशांत ह्याहून मोठा फसवा आहे तो क्षय. पोटाच्या अस्तराचा क्षय झाला म्हणजे पाणी सांचतें, चरबीचा पदर जाड होतो, अंडाशयाजवळ गोळा दिसतो, वजन उतरतें. आणि रक्तांतील ‘सी. ए. १२५’ हा पदार्थहि वाढतो. चित्र हुबेहूब पसरलेल्या कर्करोगाचें ! पाण्याची परीक्षा करून, किंवा दुर्बिणीनें अस्तराचा तुकडा घेऊन तपासल्यावरच उलगडा होतो. मग सहा महिन्यांच्या औषधांनीं बहुधा बऱ्या होणाऱ्या रोगासाठीं एखादीचें पोट उघडून अंडाशयें काढण्याचा प्रसंग टळतो. तुकडा तपासल्यावांचून केवळ फिल्म पाहून कोणी आशा सोडूं नये, असें मी आग्रहानें म्हणतों तें ह्यासाठीं.

‘सी. ए. १२५’ च्या अंकाविषयींहि थोडें सांगणें जरूर आहे. सर्वसाधारण मर्यादा ३५ धरतात. तो अंक क्षयांत, गर्भाशयाच्या अस्तराच्या गांठींत, गरोदरपणांत, एवढेंच काय पाळी चालू असतांनाहि वाढतो. उलट आरंभींच्या कर्करोगांत जवळजवळ निम्म्या स्त्रियांत तो वाढलेला नसतो. म्हणून हा अंक एकटा वाचूं नये. लंडनमधील डॉक्टरांनीं १९९० सालीं एक साधा गुणाकार सुचविला : सोनोग्राफींतील संशयास्पद खुणांचा गुण, पाळी बंद झाली कीं नाहीं याचा गुण, आणि सी. ए. १२५ चा अंक. एक खूण असेल तर १, दोन किंवा अधिक असतील तर ३; पाळी चालू असेल तर १, बंद असेल तर ३. समजा, साठ वर्षांच्या बाईंच्या गांठींत अनेक कप्पे व घन भाग अशा दोन खुणा आहेत आणि अंक ६० आहे. तीन गुणिले तीन गुणिले साठ, म्हणजे ५४०. आतां अठ्ठावीस वर्षांच्या मुलीच्या गांठींत कप्प्यांची एकच खूण आहे आणि अंक तोच ६० आहे. एक गुणिले एक गुणिले साठ, म्हणजे ६०. दोनशेंच्या वरचा गुणाकार धोक्याचा मानतात. रक्ताचा अंक दोघींचा सारखाच. अर्थ मात्र किती निराळा!

ह्यावरून दुसरी गोष्ट स्पष्ट होते. पहिली तपासणी सोनोग्राफीची. तींत क्ष-किरण नसतात, खर्च कमी, आणि गांठीच्या आंतले पडदे व अंकुर तींत पुष्कळदां सी. टी. पेक्षांहि चांगले दिसतात. सोनोग्राफीनंतरहि गांठीचें रूप संदिग्ध राहिलें तर एम. आर. आय. अधिक उपयोगी, जुन्या रक्तानें भरलेली गांठ सी. टी. त ओळखूं येत नाहीं, ती एम. आर. आय. त ओळखतां येते. सी. टी. चें स्थान, रोग पसरला आहे काय हें पाहण्यांत, आणि डर्मॉइडसारख्या गांठींतील चरबी व दांत दाखविण्यांत. शिवाय आतड्यांवरचे एक सेंटिमीटराहून लहान दाणे सी. टी. त निसटतात. ‘स्कॅन स्वच्छ आहे’ याचा अर्थ ‘दिसण्याजोगें कांहीं नाहीं’ एवढाच घ्यावा.

तपासणीला जातांना तीन गोष्टी आपण होऊन सांगाव्या : दिवस गेल्याची शंका असेल तर ती, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेहाचीं औषधें चालू असतील तर तीं, आणि पूर्वीं आयोडीनच्या इंजेक्शनानें त्रास झाला असेल तर तो. पोटाच्या एका सी. टी. त मिळणारा किरणांचा डोस साधारणतः आठ ते दहा मिलिसीव्हर्ट असतो; निसर्गांतून आपणांस वर्षाला सरासरीनें सुमारें २.४ मिळतात. म्हणजे तीन-चार वर्षांचा सांठा एकदम. गरज असतांना तो नाकारूं नये, आणि गरज नसतांना हौसेनें घेऊंहि नये. ब्रिटनमध्यें दोन लाखांहून अधिक निरोगी स्त्रियांवर रक्ताच्या व सोनोग्राफीच्या तपासणीचा दीर्घ प्रयोग झाला. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांप्रमाणें अंडाशयाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु त्यामुळें कमी झाले नाहींत. तेव्हां तक्रार नसतांना दरसाल पोटाचा स्कॅन करून घेण्यानें संरक्षण मिळतें, ही समजूत सोडून द्यावी.

मग संरक्षण कशांत आहे ? तक्रारीकडे वेळेवर लक्ष देण्यांत. भारतीय स्त्रियांच्या कर्करोगांत स्तन व गर्भाशयमुख यांच्या खालोखाल अंडाशयाचा क्रम लागतो. आणि नागपुरांत १९८० पासून चालत आलेल्या कर्करोग-नोंदणीमुळें हा रोग दूरच्या देशाचा नव्हे, आपल्याच गल्लींतला आहे हें आपणांस कळतें. त्याचीं लक्षणें फार साधीं असतात : पोट फुगल्यासारखें वाटणें, दोन घांसांतच पोट भरणें, ओटीपोटांत दुखणें, वरचेवर लघवीला जावें लागणें. डी. एन. ए. च्या रचनेचा शोध जिच्या क्ष-किरण-चित्रांवर उभा राहिला, ती रोझालिंड फ्रँकलिन हिला १९५६ सालीं आपला घागरा कमरेला बसत नाहीं असें आढळलें. तें अंडाशयाच्या कर्करोगाचें चिन्ह ठरलें, आणि सदतिसाव्या वर्षीं ती गेली. आपल्या घरांत परकराची नाडी आंखूड पडूं लागली तर बाई ‘वात झाला’ म्हणून ओंव्याची पूड घेते आणि महिने काढते. असें पोट दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज फुगत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर ओंव्यावर न थांबतां सोनोग्राफी करून घ्यावी. आई, मावशी किंवा बहीण यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तें डॉक्टरांना न विचारतां सांगावें.

आणि लखोटा हातीं आल्यावर ? गांठ संशयास्पद असेल तर ती सुईनें उपसूं देऊं नये. शस्त्रक्रिया ह्या रोगाचा सराव असलेल्या शस्त्रवैद्याकडून व्हावी; गांठ अखंड निघावी; आणि टेबलावरच तुकडा तपासण्याची सोय आहे काय, हें आधीं विचारावें, म्हणजे किती काढावयाचें याचा निर्णय पुराव्यानें होतो. तरुण रुग्णाच्या बाबतींत ‘दुसरें अंडाशय ठेवतां येईल काय ?’ हा प्रश्न घरच्या मंडळींनीं संकोच न धरतां विचारावा. ज्यांना खाजगी खर्च झेपत नाहीं त्यांच्यासाठीं नागपुरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे आणि राष्ट्रसंत तुकडोजींच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आहे. तुकडोजी महाराज स्वतः १९६८ सालीं ह्याच व्याधीच्या एका प्रकारानें गेले. त्यांच्या नांवानें चालणाऱ्या दारांत जाण्यांत कसला कमीपणा?

शेवटीं एकच सांगणें. छेदचित्र ही साक्ष आहे, निकाल नव्हे. ती साक्ष वय, लक्षणें, रक्ताचा अंक आणि तुकड्याची परीक्षा ह्यांच्या जोडीला ठेवून वाचावी लागते. आणि ज्या रात्रीं तो लखोटा घरांत येऊन पडेल, त्या रात्रीं जिच्या पोटांत ती गांठ आहे तिला एकटें बसूं न देतां तिच्याजवळ बसावें, तिला काय काय होतें आहे तें विचारावें, आणि तें नीट लिहून काढावें. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांना फिल्मइतकाच तो कागदहि उपयोगी पडेल.